पिल्लं घेता का, पिल्लं?

सोमवार, सकाळचे साडेसहा. नऊला स्टेटस मीटिंग, कोड अजून अर्धवट, आणि मी डॅलसमधल्या भाड्याच्या घरात पायजम्यावर उभा राहून ४१ सरड्यांना नाश्ता वाढतोय. वेलकम टू माय लाइफ!

सरडे म्हणजे आपले कुंपणावरचे नव्हेत हं. हे बिअर्डेड ड्रॅगन. मूळचे मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातले. चिडले की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतात, म्हणून दाढीवाले. एरवी एकदम कूल! खांद्यावर बसून आरामात टीव्ही बघतील. ऑस्ट्रेलिया आपले जंगली प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे इथे अमेरिकेत विकली जाणारी पिल्लं कुणाच्या तरी घरात जन्मलेली असतात. यंदा माझ्या!

प्लॅन झकास होता. एक जोडी, वीसेक अंडी, पिल्लामागे ५० डॉलर. एक्सेल शीट बघून मी स्वतःवरच खूश. शीटमध्ये फक्त एक गोष्ट राहिली. मादी नराजवळ एकदाच गेली, तरी त्याच भेटीच्या भांडवलावर काही आठवड्यांनी पुन्हा अंडी घालते. इनक्युबेटरमध्ये २८-२९ अंशांवर दोनेक महिने ठेवली, की बोटाएवढी पिल्लं हजर. दिवसातून तीनदा बारीक रातकिडे हवेत. जेवण उशिरा आलं किंवा गर्दी झाली, की एकमेकांची बोटं नि शेपट्या कुरतडतात. आणि पालीसारखी यांची शेपटी पुन्हा उगवत नाही. म्हणून लहान-मोठी निवडून वेगळी ठेवायची. प्रत्येक डब्याला वेगळा दिवा. लाइटबिल बघून बायकोने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

दीड-दोन महिन्यांची झाली आणि विक्री सुरू. दुकानदाराने १२ घेतली, १५ डॉलरच्या भावाने. ऑफिसात तीन खपली. उरलेली घेऊन रेप्टाइल शोमध्ये टेबल मांडलं. एक बाबा आठ वर्षांच्या लेकीला घेऊन आले. तिचा बर्थडे होता. ‘घरी जुना फिश टँक आहे, चालेल ना?’

‘हो’ म्हटलं असतं तर ५० डॉलर खिशात होते. पण पिल्लू ५० चं असलं, तरी चार फुटी टाकी, एका कोपऱ्यात ४० अंशांची ऊब देणारा दिवा आणि यूव्हीबी ट्यूब मिळून खर्च ३०० च्या पुढे जातो. ट्यूब नसली, की हाडं मऊ पडून वाकतात. शिवाय हात लावला की साबणाने धुवायचे, साल्मोनेलाची भीती असते. आणि हा पाहुणा दहाएक वर्षं राहणार. सगळं सांगितलं. मुलीचा चेहरा पडला, बाबा ‘थँक यू’ म्हणून निघून गेले. शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं, ‘विकायला आलायस की हाकलायला?’

दिवसअखेर नऊ गेली, १७ परत घरी. आणि घरी बघतो तर मादी पुन्हा माती उकरत होती. बावीस अंडी!

त्या रात्री ती सगळी फ्रीझरमध्ये ठेवली. घातल्या दिवशीच. जाणते पाळणारे हेच करतात, हे मला माहीत होतं. तरी झोप लागली नाही. चूक अंड्यांची नव्हती, जोडी लावतानाच्या माझ्या गणिताची होती.

रविवारी सांगलीला फोन केला. आई दर दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते. सगळं ऐकून म्हणाली, ‘अरे, ऑर्डर आल्याशिवाय मी चकलीची भाजणीसुद्धा भिजवत नाही. आणि तू तर जिवंत जीव काढून बसलास!’

यंदा नर वेगळ्या टाकीत आहे. आधी दहा घरं पक्की होऊ देत. तोवर, मंडळी, १७ पिल्लं आहेत. टाकी तयार असेल तरच बोला!