खड्डा खणण्याआधी जमिनीला विचारा



पहिला पाऊस पडला की शाळाशाळांत वृक्षारोपणाचे वारे वाहू लागते. पोरे कुदळी घेऊन निघतात ती थेट गावच्या गायरानाकडे. कागदावर ते 'पडीक' असते ना! पोरांच्या उत्साहाला आमचा सलाम. पण प्रश्न एकच : या जमिनीवर मुळात होते काय?

डहाणू-तलासरीच्या डोंगरपट्ट्यात, सायवनसारख्या गावी झाड लावणे रास्तच. तो मुलूख पावसाचा आणि जंगलाचा. ११३ वर्षे कोणाला न दिसलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ सापडला आणि २०१४ साली तानसाच्या जंगलातही दिसला. तो जुन्या झाडाच्या ढोलीत घर करतो. तिथल्या पोरांनी ऐन, मोह, पळस यांचे बी गोळा करून रोपे करावीत आणि जुनी झाडे तोडू देऊ नयेत. ढोली काही पाच वर्षांत तयार होत नाही.

आपला कापूस-ज्वारीचा मुलूख वेगळा. इथे माळ हेच जंगल. माळढोक आणि तणमोर मोकळ्या गवतात राहतात, उघड्या जमिनीवर अंडी घालतात, नाकतोडे आणि भुंगेरे खातात. माळढोकाची मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते. असल्या माळावर सुबाभूळ लावली की पाखरू उठते, गवत मरते आणि बैलाची वैरणही जाते. नान्नजच्या कुरणांतही गिरिपुष्पाची लागवड झालीच होती!

पाखरू वाचवण्याची सरकारी रीत आपण पाहिली आहे. १९७९ साली सोलापूर-नगर भागात साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. गावे, बाजार, पेरती शेते सगळी त्यात. जमीन विकायची, बांधकाम करायचे तर परवानगीचे हेलपाटे. हद्द कमी व्हायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला. तोवर शेतकरी पिचला आणि माळढोकही दिसेनासा झाला. शेतकऱ्याला शत्रू ठरवून पाखरू वाचत नाही.

रस्ता दुसरा आहे. डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. पोर कुरणात, तर शाळाही कुरणात. तीच वाट आपण धरू. दिवाळीच्या सुमारास मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी या गवतांचे बी पिकते. पोरांनी ते ओरबाडून घ्यावे, सावलीत वाळवावे आणि जूनमध्ये गायरानाच्या एका तुकड्यावर फेकावे. तो तुकडा गवताचे बी झडेपर्यंत चराईला बंद ठेवावा, मग कापणी करावी. पुढच्या वर्षी दुसरा तुकडा. गाजरगवत मात्र पोरांना उपटायला लावू नका, अंगाला खाज सुटते. ते काम मोठ्यांचे.

बंद तुकड्याचा भार शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यावर पडेल. म्हणून कापलेल्या गवतात पहिला वाटा त्याचा, हे ग्रामसभेत आधीच लिहून घ्या.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी ठरवून याव्यात : गायरानाचा कोणता तुकडा राखणार आणि शाळेशी कोण बोलणार. ठराव कागदावर आणा. जूनला उशीर नाही.