शेवयांचं मशीन आणि सासूबाईंचा गुडघा

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळी पेपर उघडला आणि त्यातून एक गुळगुळीत पत्रक खाली पडलं. ‘गुडघेदुखीला रामराम! आता रोबोद्वारे गुडघेरोपण!’ सासूबाईंनी ते उचललं, चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाल्या, “अगं, मग डॉक्टर काय करणार?”

हसलो खरं आम्ही, पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. आयुष्यभर जमिनीवर बसून भाकऱ्या थापल्या, उकिडवं बसून धुणीभांडी केली. दुखणं अंगावर काढायची बायकांची सवय, तीही होतीच. आता चार पायऱ्या चढायच्या तरी भिंत धरावी लागते. ऑपरेशन करायचं ठरलं. प्रश्न एवढाच उरला, रोबोचं की साधं?

धाकटे भाऊजी पुण्याला असतात. त्यांचा फोन आला, “वहिनी, आईसाठी जे बेस्ट असेल तेच करायचं.” म्हणून शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथे डॉक्टरांच्या आधी एक गोडबोली समुपदेशक भेटली. तिने संगणकावर चित्रफीत दाखवली आणि खर्चाचा आकडा सांगितला. साध्यापेक्षा दीड लाख जास्त! वर म्हणाली, “या आठवड्यात नाव नोंदवलंत तर सवलत मिळेल.” ऑपरेशनला सवलत? मला एकदम साड्यांचा सेल आठवला. परतताना गाडीत कुणी बोलेना. सासूबाई मात्र हातातल्या पाटल्या फिरवत होत्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं.

मैत्रिणींनो, मी काही डॉक्टर नाही. बी. ए. झालेली, घर सांभाळून बचत गटाचं काम करणारी बाई. पण हिशोब कळतो. म्हणून या रोबोमागचा हिशोब समजून घ्यायचं ठरवलं.

पहिली गोष्ट, हा रोबो सिनेमातल्यासारखा एकटा उभा राहून ऑपरेशन करत नाही. ‘माको’ नावाच्या यंत्रात आधी सीटी स्कॅन काढून हाडाचा नकाशा तयार करतात. करवत यंत्राच्या हाताला असते, पण तो हात चालवतो सर्जनच. आखलेल्या रेषेबाहेर करवत जाऊ लागली की यंत्र अडवतं. दुसऱ्या काही यंत्रांत तर रोबो फक्त कापण्याची पट्टी जागेवर धरून ठेवतो. म्हणजे सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर असं, की डॉक्टर कुठंही जात नाहीत.

दुसरी गोष्ट, हे काही कालचं शास्त्र नाही. ‘रोबोडॉक’ नावाच्या यंत्राने अमेरिकेत 1992 मध्ये माणसाच्या खुब्याचं पहिलं ऑपरेशन झालं. पुढे जर्मनीत त्याचा फार गाजावाजा झाला, मग तिथेच रुग्ण तक्रारी घेऊन कोर्टात गेले. ज्या कंपनीने ते बनवलं, तिला धंदा काही जमला नाही. 2007 मध्ये ते दुसऱ्यांच्या हाती गेलं.

माकोची कथा मात्र उलटी. 2013 मध्ये स्ट्रायकर या अमेरिकन कंपनीने माको कंपनी सुमारे 165 कोटी डॉलरला विकत घेतली. माको तोवर तोट्यात होती आणि शेअरच्या बाजारभावापेक्षा 86 टक्के जास्त किंमत मोजली गेली. पुष्कळ जाणकारांनी तेव्हा कपाळाला हात लावला. एवढं महाग यंत्र घेणार कोण, असा त्यांचा सवाल होता. पण स्ट्रायकरचं गणित वेगळं होतं. माकोवर सांधा बसवायचा तर तो स्ट्रायकरचाच. एकदा यंत्र हॉस्पिटलात गेलं की पुढे कित्येक वर्षं सांधे आपलेच खपणार! गणित जमलं. मग झिमर बायोमेट, स्मिथ अँड नेफ्यू, जॉन्सन अँड जॉन्सन अशा सगळ्यांनीच आपापले रोबो आणले. आपल्या शेजारच्या वापीच्या मेरिल कंपनीनेही 2024 मध्ये ‘मिसो’ नावाचा देशी रोबो बाजारात आणला.

म्हणजे कंपनीचा धंदा चालतो. माझी शंका आहे ती हॉस्पिटलच्या धंद्याबद्दल, तेही आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या.

आमच्या गटाने काही वर्षांपूर्वी कर्ज काढून शेवयांचं मशीन घेतलं. उन्हाळ्यात तुडुंब काम, पावसाळ्यात मशीनवर धूळ. पण बँकेचा हप्ता काही पावसाळा बघत नाही! मग आम्ही घरोघर फिरायला लागलो. ज्या बाईकडे दोन वर्षांच्या शेवया डब्यात पडून होत्या, तिलाही सांगायचो, “करून घ्या हो ताजा घाणा!” आमचा हेतू वाईट नव्हता. पण हप्ता डोक्यावर असला की जीभ आपोआप गोड होते.

आता हाच हिशोब रोबोला लावून बघा. हे यंत्र काही कोटींना पडतं. समजा, पाच कोटींचं घेतलं आणि सात वर्षांत फेडायचं ठरवलं. वर्षाला झाले सुमारे 71 लाख. व्याज, देखभाल, दर वेळी वापरून टाकायच्या वस्तू वेगळ्याच. वर्षाला 400 गुडघे झाले तर एका गुडघ्यामागे जवळपास 18 हजार पडतात. 100 च झाले तर 71 हजार! मोठ्या शहरात 400 मिळतीलही. लहान गावात कुठून आणायचे? मग तीनच वाटा उरतात. रुग्णाकडून जास्त घ्यायचं, रुग्ण वाढवायचे, नाहीतर तोटा सोसायचा. तिसरी वाट कोण धरेल, तुम्हीच सांगा. दुसरीची मला जास्त भीती वाटते. अजून व्यायामाने, वजन कमी करून भागेल अशा बाईलाही “करूनच टाका” म्हणण्याचा मोह तिथेच होतो.

आणखी एक मेख आहे. 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. जो सांधा सर्रास दीड लाखाच्या पुढे विकला जात होता, त्याची किंमत कर सोडून 54 हजार 720 रुपये ठरली. फार मोठा दिलासा होता तो. पण मर्यादा आहे ती सांध्यावर, रोबोच्या वापराच्या आकारावर नाही. विम्याचंही तसंच. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये सांगितलं, की रोबोची शस्त्रक्रिया विम्यातून सरसकट वगळता येणार नाही. पण तिच्यासाठी वेगळी कमाल रक्कम ठरवायची मुभा कंपन्यांना दिली. भाऊजींच्या पॉलिसीत ते बारीक अक्षरात होतंच.

मग एवढं देऊन मिळतं काय? सांधा आखल्याप्रमाणे अचूक बसतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. हाड फार वाकडं असेल तर त्याचा उपयोगही होत असेल. पण पेशंटला काय हवं असतं? दुखू नये, चालता यावं, सांधा टिकावा. दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी रोबोची आणि साधी अशा दोन्ही तऱ्हांनी केलेल्या गुडघ्यांचा दहा वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा केला. 2020 मध्ये तो प्रसिद्ध झाला. चालण्यात, दुखण्यात आणि टिकण्यात दोन्हींत फरक आढळला नाही. यंत्र जुन्या पिढीचं होतं, नव्यांचे निकाल वेगळे येऊ शकतील. पण ते येईपर्यंत पाटल्या मोडायच्या का?

शेवटी आमच्याच जिल्ह्यातल्या एका जुन्या हाडाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “रोबो आहे का, हे नंतर विचारा. आधी विचारा, डॉक्टर तुम्ही वर्षाला किती गुडघे करता?”

घरी पुन्हा चर्चा बसली. तेव्हा मला उमगलं, की हे पत्रक सासूबाईंसाठी नव्हतंच. ते लांब राहणाऱ्या मुलासाठी होतं. रोज आईजवळ राहता येत नाही याची जी बोच असते, तिची किंमत दीड लाख लावली होती! भाऊजींचं प्रेम खोटं नव्हतं. माझीही छाती धडधडत होतीच. काही कमी-जास्त झालं तर “वहिनींनी पैसे वाचवले” हेच ऐकावं लागणार होतं.

निर्णय सासूबाईंनीच घेतला. “पाटल्या नातीच्या. मला साधंच करा. उरलेल्या पैशांत संडास कमोडचा करून घ्या आणि व्यायाम शिकवायला कुणीतरी लावा.” उजवा गुडघा झाला. आता काठी घेऊन देवळापर्यंत जाऊन येतात. डावा अजून बाकी आहे. एका गुडघ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. कुणाला परवडत असेल, डॉक्टरांनी कारण समजावून दिलं असेल, तर रोबोचं जरूर करावं.

फक्त सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. मला ऑपरेशनची गरज आहे का? डॉक्टरांचा हात किती बसलेला आहे? सांधा, रोबो आणि खोली यांचे आकडे वेगवेगळे लिहून द्याल का? आणि विमा किंवा सरकारी योजनेतून यातलं नेमकं किती मिळेल? उत्तरं टाळणारं माणूस दिसलं, तर आमचं शेवयांचं मशीन आठवा.