समुपदेशकानं खोलीबाहेरही बोलावं

‘समुपदेशकानं तटस्थ राहावं, कुणाची वकिली करू नये,’ असं आम्हाला वारंवार ऐकवलं जातं. छत्रपती संभाजीनगरात व्यसनात अडकलेल्या माणसांसोबत काम करताना माझं मत नेमकं उलट झालं आहे.

आपल्या शहरात नशेच्या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात. ऑक्टोबर २०२३मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं इथे आणि पैठण एमआयडीसीत कोट्यवधींचं कोकेन, मेफेड्रोन, केटामाइन पकडलं. तो माल बनवणारा आणि खिशात चार गोळ्या सापडलेला पोरगा, दोघांनाही आपण एकाच तोंडानं शिव्या घालतो. कायदा तसं करत नाही. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४अ सांगतं, की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेनं शासनमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि मादक द्रव्यांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना आजारातच धरतो. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्या, असंही बजावतो.

पण हे ठाण्यात सांगणार कोण? बाकावर बसलेल्या आईला कलम ठाऊक नसतं. पोरगा तलफेनं थरथरत असतो. ज्याला ठाऊक आहे तो समुपदेशक खोलीत तटस्थ बसून राहिला, तर ती तटस्थता कुणाच्या बाजूची?

‘अशानं व्यसनी माणसं सोकावतील,’ हा आक्षेप ठरलेला. त्यांनी तेच कलम पुढे वाचावं: उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येतं. चोरी, मारहाण माफ करा, असंही मी म्हणत नाही. आणि रुग्णाच्या संमतीशिवाय त्याच्याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही, हे तर पहिलं पथ्य.

पुण्यातलं मुक्तांगण आठवा. अनिल अवचटांनी आधी ‘गर्द’च्या विळख्याबद्दल जाहीरपणे लिहिलं. त्यानंतर, १९८६मध्ये, डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकारानं आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं केंद्र उभं राहिलं. तिथे बोलणं आधी झालं, खाटा नंतर आल्या.

कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्या वकिलाला उपचाराचे कागद नेऊन देणं, मालकाला पत्र लिहिणं, विमा नाकारला तर भांडणं, हे सगळं समुपदेशनच आहे. नेमणूकपत्रात ते लिहिलं नसेल, तर लिहून घ्या.