वरची कोथिंबीर

यवतमाळच्या बाजारात आई भाजीचा भाव करायची, तेव्हा मी लाजून दुसरीकडे बघायचो. परवा त्याच गावात गिटार घ्यायला गेलो आणि आईचाच फंडा कामी आला!

आधी मोबाइलवरचा ऑनलाइन भाव दाखवला. दुकानदार काका हसले, ‘‘ब्रँडेड पीसमध्ये काही उरत नाही ना भाऊ!’’ एमआरपी म्हणजे कमाल किंमत, त्याखाली विकायला कायद्याची आडकाठी नाही, हे मला ठाऊक होतं. पण हुज्जत घातली नाही. आई तरी कुठे फार भाव पाडायची? वरून मूठभर कोथिंबीर मात्र घ्यायचीच.

मग मीही मागितलं. बॅग, जादा तारांचा सेट, कॅपो. आणि मुख्य म्हणजे सेटिंग. तारा फ्रेटबोर्डपासून उंच असतील तर नवशिक्याची बोटं सोलवटतात आणि महिन्याभरात गिटार कपाटावर जाते. ऑनलाइन घेतली असती, तर एवढ्यासाठी दीडशे किलोमीटरवरचं नागपूर गाठायचं का?

काकांनी समोर बसून तारा खाली घेतल्या. किंमत तीच राहिली. पण काल पहिल्यांदाच एफ कॉर्ड स्वच्छ वाजला, बॉस! आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, ‘‘शिकलास एकदाचा!’’