वाफेची चाळणी

दार रंगवायला काढले की घरभर थिनरचा वास पसरतो, डोके जड होते आणि आजी सगळ्या खिडक्या उघडायला लावते. पुष्कळशा थिनरमध्ये टोल्युइन असते. ते माणसाला अपायकारक, पण काही बुरश्यांचे त्यावर पोट भरते. मराठीत बुरशी, कन्नडात बूष्टु. मात्र ही शिळ्या भाकरीवरची नव्हे. ही काळपट आणि सावकाश वाढणारी.

ती शोधायची कशी? वर्गात मी लोणच्याचे उदाहरण देतो. बरणीत मीठ घातले की ज्या सूक्ष्म जीवांना ते सोसत नाही ते मरतात, सोसणारे तगतात. मीठ ही झाली चाळणी. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे प्रेनाफेता-बोल्डू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषारी वाफेचीच चाळणी केली. त्यांचे काम २००१ साली प्रसिद्ध झाले. बंद भांड्यात थोडे क्षार, ओलावा आणि अन्न म्हणून फक्त टोल्युइनसारख्या द्रव्याची वाफ. साखर नाही, पीठ नाही. बहुतेक बुरश्या उपाशी मरतात. वाफ पचवणाऱ्या तेवढ्या वाढतात.

याचा उपयोग मोठा आहे. रंगाच्या आणि छपाईच्या कारखान्यांतली दूषित हवा अशा बुरशीच्या थरातून सोडली, तर वाफेचे पाणी आणि कार्बन डायॉक्साइड होते. कोरडेपणा आणि आम्लता बुरशी जिवाणूंपेक्षा जास्त सोसते. हुबळीच्या गोकुळ रोड, तारिहाळ भागांतल्या उद्योगांजवळ राहणाऱ्यांना अशा गाळणीचे मोल सांगायला नको.

पण इथेच एक गोम आहे. वाफेतून निवडल्या गेलेल्या अनेक बुरश्या माणसाला आजारी पाडणाऱ्या बुरश्यांच्या भाऊबंद निघाल्या. इंधनाने दूषित मातीत सापडलेली एक जात २०११ साली नोंदली गेली. तिची जवळची नातलग मेंदूत गळू करते, आणि तो आजार बहुधा जीवघेणा ठरतो. लाकडी रेल्वे स्लीपरांना कीड लागू नये म्हणून क्रिओसोट हे डांबरी तेल पाजत. तुर्कस्तानातल्या रेल्वे स्थानकांत अशीच काळी बुरशी मुबलक सापडल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले.

म्हणजे चाळणी फक्त एकच प्रश्न विचारते: तुला ही वाफ पचते का? माणसाच्या अंगात तू जगशील का, हे ती विचारत नाही. तो प्रश्न आपणच विचारायला हवा. म्हणून निवडलेली बुरशी ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या शरीराच्या उष्णतेत, वाढते का हे तपासावे लागते. तिची जात नेमकी ओळखावी लागते आणि काम बंदिस्त ठेवावे लागते. हुशार विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरच्या बरणीत करून पाहू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

वाचकहो, घाबरून जायचे कारण नाही. हे आजार विरळच. मात्र शेतात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. काट्याच्या जखमेतून मातीतली काळी बुरशी कातडीत शिरू शकते. जखम साबणाने धुवा. काही आठवड्यांनी तिथे चामखिळीसारखी गाठ वाढू लागली, तर हळद लावून वाट पाहू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.