‘आम्ही फक्त बघायला गेलो होतो’



केनियातल्या मासाई मारामधून परत आल्यापासून मला एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हांनी विचारला जातोय. मंदिराच्या पायरीवर, महिला मंडळाच्या बैठकीत, फोनवर, आणि एकदा डाळ निवडता निवडता आमच्या जाऊबाईंकडून. "आपण मुंगी वाचवून पाऊल टाकणारी माणसं. मग एवढे पैसे घालून सिंहानं हरीण फाडलेलं बघायला कशाला जायचं?"

प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याचं नेहमीचं उत्तर असतं, "आम्ही कुठं काही मारलं? आम्ही फक्त बघायला गेलो होतो." हे उत्तर मला पटत नाही. जंगल बघायला जाण्यात मला दोष दिसत नाही. पण ‘फक्त बघणं’ म्हणजे हात स्वच्छ, हेही खरं नाही. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी थोडं तिथल्या राहण्याबद्दल, कारण ‘सफारी’ म्हटलं की काहीजणींच्या डोळ्यांसमोर पंचतारांकित हॉटेल येतं. ह्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही दोघंच गेलो. दोन वेगवेगळ्या बुश कॅम्पमध्ये मिळून सहा रात्री राहिलो. बुश कॅम्प म्हणजे रानातच लावलेले मोजके तंबू. भोवती कुंपण नाही. अंधार पडला की एकटीनं तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही, हातात बॅटरी घेतलेला मासाई राखणदार न्यायला येतो. नैरोबीहून लहान विमानानं जायचं असेल तर माणशी 15 किलो सामान, तेही मऊ पिशवीत. मी म्हणते, अपरिग्रहावर दहा प्रवचनं ऐकून जे झालं नाही ते त्या वजनकाट्यानं केलं. चार पंजाबी ड्रेस, एक स्वेटर, एक शाल, पूजेची छोटी पिशवी आणि उरलेल्या जागेत खाकरे, दशम्या, मेतकूट.

आंघोळीचं पाणी मला फार आवडलं. आवडलं म्हणजे त्याची पद्धत. तंबूच्या मागे उंचावर एक कापडी पिशवी टांगलेली. आपण सांगू त्या वेळेला माणूस एक बादली गरम पाणी त्यात ओततो आणि बाहेरून हाक मारतो. तेवढ्यातच साबण लावून धुऊन व्हायला हवं. रात्रीचे दिवेही मिणमिणते, त्यामुळे किडे फारसे गोळा होत नाहीत. पाणी आणि दिवा या दोन गोष्टी जपून वापराव्यात म्हणून आपल्या सासवा आपल्याला किती बोलल्या आहेत, आठवा. इथं तोच नियम कोणी धर्माचं नाव न घेता पाळतं. (पहिल्या रात्री पांघरुणात पायाला काहीतरी गरम आणि मऊ लागलं आणि मी किंचाळलेच. गरम पाण्याची पिशवी होती. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचावर आहे, पहाटे चांगलंच गारठतं.)

जेवणाचं विचारणाऱ्या बऱ्याच आहेत, म्हणून सांगते. केनियात आपले ओसवाल बांधव शंभराहून अधिक वर्षांपासून आहेत, मूळचे जामनगरकडचे. नैरोबीत आणि मोंबासात मंदिरं आहेत. त्यामुळे ‘जैन जेवण’ हे शब्द तिथल्या स्वयंपाक्यांना नवीन नाहीत. आमच्या स्वयंपाक्यानं पहिल्याच दिवशी येऊन विचारलं, "आलं चालेल की तेही नको?" चपातीला तिकडे चपातीच म्हणतात. राजम्यासारख्या शेंगदाण्यांची नव्हे, दाण्यांची उसळ, आणि ‘सुकुमा विकी’ नावाची हिरवी पालेभाजी. खरी अडचण वेळेची. तिथं जवळून विषुववृत्त जातं, त्यामुळे वर्षभर सूर्यास्त साडेसहाच्या आसपास. आणि संध्याकाळची फेरी चारला निघून अंधार पडताना परतते, जेवण आठला. मग आम्ही आधीच कळवून डबे बरोबर घेतले. बाकीची मंडळी मावळतीला गाडी थांबवून हातात पेला घेतात, त्याला ‘सनडाउनर’ म्हणतात. आम्ही त्याच वेळी, सूर्य वर असतानाच, बॉनेटवर डबा उघडून दशमी खाल्ली. कोणी हसलं नाही. गाइडनं एक मागून घेतली.

एक गोष्ट मात्र निघण्याआधी ठरवावी लागते. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, आणि ती निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ही लस कोंबडीच्या गर्भ असलेल्या अंड्यात तयार होते. आम्ही हे वाचून, घरात बोलून, मग घेतली. दुसऱ्या कोणी याच कारणासाठी जाणं रद्द केलं तर मी तिला नावं ठेवणार नाही. पण माहीत नसताना घेऊ नका, एवढंच म्हणेन.

आता मुद्द्याकडे. सिंह.

सिंहाचा राग मला आला नाही, आणि तो येऊ नये असं मला वाटतं. तो आपल्या चोवीसाव्या तीर्थंकरांचं चिन्ह आहे. त्यांच्या पूर्वभवांतल्या सिंहाची कथा आपण पाठशाळेत ऐकली आहे. मुनींचा उपदेश ऐकून त्या सिंहानं मांस सोडलं. समवसरणात सिंह आणि गाय शेजारी बसतात. पण समवसरण सोडून इतर ठिकाणी सिंह गवत खाईल अशी अपेक्षा करणं हा बालिशपणा आहे. त्याला पोट आहे आणि दुसरं अन्न नाही. विवेक आपल्याला मिळाला आहे, म्हणून हिशेब आपला होतो.

आणि हा हिशेब मला सिंहापाशी नाही, चित्त्यापाशी मांडावा लागला.

एक दिवस आम्ही मुख्य राखीव क्षेत्रात गेलो होतो. वारुळावर चित्त्याची मादी बसलेली, खाली तीन पिल्लं. लांबवर हरणांचा कळप. आमची गाडी चौदावी होती. मी मोजल्या. नियम असा की एका प्राण्याभोवती एका वेळी पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत. तो नियम त्या दिवशी वाऱ्यावर होता. रेडिओवर एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि सगळे धावत आले. ती मादी उठून दहा पावलं चालली की चौदा इंजिनं सुरू व्हायची आणि तिच्या पुढे जाऊन उभी राहायची. शेजारच्या गाडीतल्या एक बाई ड्रायव्हरला सारखं म्हणत होत्या, "जरा पुढे घ्या ना, किल मिळायला पाहिजे." ‘किल’ हा शब्द तिकडे पर्यटकांच्या तोंडी आपण ‘दर्शन मिळालं का’ म्हणतो तसा असतो. मिळाला का किल? आम्हाला दोन मिळाले!

चित्त्याचं असं आहे की सिंह आणि तरस रात्री जास्त फिरतात, म्हणून तो बहुतेक दिवसाच शिकार करतो. म्हणजे नेमका पर्यटकांच्या वेळेत. त्याची धाव थोड्या अंतराची असते. ती चुकली की दम खावा लागतो. साधली तरी तरस येऊन हिसकावून नेतं. मादी पिल्लांना एकटीच वाढवते, जवळजवळ दीड वर्ष. नर मदतीला नसतो. गाड्यांच्या गराड्यात तिची शिकार हुकली तर उपाशी ती एकटी राहत नाही.

हे माझं भावनेचं बोलणं नाही. मारामध्येच झालेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथं पर्यटकांची वर्दळ जास्त, तिथं चित्त्याच्या एका वेतामागे सरासरी 0.2 पिल्लं जगून मोठी झाली. जिथं वर्दळ कमी, तिथं 2.3. हे आकडे पुन्हा वाचा. गर्दीच्या भागात पाच वेळा व्यायल्यावर एक पिल्लू. कोणी बंदूक चालवली नाही, फासा लावला नाही. केनियात शिकारीवर 1977 पासून बंदी आहे. तिथं सगळे फक्त बघत होते.

आपल्याकडे पाप तीन प्रकारे लागतं असं शिकवलं जातं. कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा केलेल्याला मान दिला. "पुढे घ्या ना" हे कारित आहे. ड्रायव्हरचं पोट टिपवर आहे, त्यानं नियम मोडला तो माझ्या आग्रहाखातर. आणि तोंडानं काही न बोलता, त्यानं पुढे घेतलेल्या गाडीत बसून फोटो काढत राहणं, हे अनुमोदन. कोल्हापूरच्या मैत्रिणींना हे सांगायला नको की आपल्या संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरवत, आणि इथले चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतूनही आणले होते. त्याला आपण आज सरळ शिकारीचा शौक म्हणतो. दोरी सोडून शिकार बघणारा आणि गाडी पुढे घ्यायला लावून शिकार बघणारी, यांच्यात फरक आहे, पण आपण समजतो तेवढा मोठा नाही.

ह्यांनी गाइडला गाडी मागे घ्यायला सांगितलं. तो चकित झाला, मग हसला. म्हणाला, असं सांगणारे पाहुणे क्वचित भेटतात. आम्ही लांब एका झाडाखाली जाऊन दुर्बिणीतून बघत बसलो. पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. तासाभरानं गाड्या कंटाळून पांगल्या. शिकार झाली का? नाही, निदान आमच्यासमोर नाही.

"मग जाऊच नका, ते पैसे पांजरपोळाला द्या," असं जाऊबाईंचं म्हणणं. पांजरपोळाला द्यावेतच. पण सगळ्यांनी जाणं बंद केलं तर त्या चित्त्याचं भलं होईल, हे मला मान्य नाही. मुख्य राखीव क्षेत्र सुमारे 1,510 चौरस किलोमीटरचं. त्याला लागून मासाई कुटुंबांच्या मालकीच्या मोठ्या जमिनी आहेत. त्यांनी एकत्र येऊन ‘कॉन्झर्व्हन्सी’ केल्या आहेत. तिथले कॅम्प त्या कुटुंबांना जमिनीचं भाडं देतात, म्हणून ते तारेचं कुंपण घालत नाहीत, जमीन तुकड्यांनी विकत नाहीत, आणि प्राणी ये-जा करू शकतात. तंबूंची संख्या बांधलेली. ओलारे मोटोरोगी नावाच्या कॉन्झर्व्हन्सीत तर 700 एकरांमागे एकच तंबू. आमचा दुसरा कॅम्प अशाच एका जमिनीवर होता. तिथं एका सिंहिणीजवळ आम्ही मिळून तीन गाड्या, आणि तिघींची इंजिनं बंद. भाडं देऊन जमीन मोकळी ठेवणं हाही जीवदयेचाच खर्च, असं मी जाऊबाईंना सांगितलं. त्या अजून पटल्या नाहीत.

मासाई लोकांबद्दल एक. ते मांस खातात, गुरांचं रक्तही पितात, हे ऐकून नाक मुरडणाऱ्या आपल्यात आहेत. पण गुरं हेच त्यांचं धन, आणि रानातला प्राणी मारून खाणं त्यांच्या परंपरेत कमीपणाचं मानलं जातं. त्या रानात हरणं अजून दिसतात, त्याचं थोडं श्रेय त्यांना द्यायला हवं.

मंडळातल्या दोघी पुढच्या वर्षी जाणार आहेत, त्यांनी काय करायचं ते विचारलं. कॅम्प ठरवताना दर विचारण्याआधी, एका प्राण्याजवळ किती गाड्या थांबू देता, हे विचारा. कॉन्झर्व्हन्सीत थोडं महाग पडेल, मग दोन रात्री कमी राहा. निळे-काळे कपडे नेऊ नका, त्सेत्से माशी त्या रंगांवर येते. पाण्याची बाटली स्टीलची न्या. तिथं अभयारण्यांत एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक 2020 पासून बंद आहे. आणि गाइडला पहिल्याच सकाळी, चहा पिताना, स्पष्ट सांगून टाका की आम्हाला किल बघायचा नाही, जवळ नेलं नाही तरी टिप तेवढीच मिळेल. हे शेवटच्या दिवशी सांगून उपयोग नाही. गाइड मंडळी इंग्रजी छान बोलतात, पण दोन स्वाहिली शब्द पाठ करून जा. ‘पोले पोले’ म्हणजे हळूहळू. आणि गाडी पुढे सरकायला लागली की ‘इनातोशा’. म्हणजे, पुरे.