आधी घामाचे दाम, मग चार टक्के

मार्च २०२५ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने सरकारी खरेदीच्या कायद्यात दुरुस्ती करून कंत्राटांत प्रवर्ग २-ब ला, म्हणजे मुसलमानांना, चार टक्के राखीव वाटा देण्याचे विधेयक मंजूर केले. पुढच्याच महिन्यात राज्यपालांनी ते राष्ट्रपतींकडे पाठवले. सीमेच्या अलीकडे, मिरज-सांगलीत, आपल्या लोकांच्या मोबाईलवर ती बातमी फिरत राहिली. एका बाजूला ‘धर्माच्या नावावर ठेके’ म्हणून ओरड, दुसऱ्या बाजूला ‘आपल्याकडे कधी?’ हा प्रश्न.

चारच महिन्यांनी, जुलैमध्ये, वाळवा तालुक्यातल्या एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली. त्याने जलजीवन मिशनचे काम केले होते. सुमारे १ कोटी ४० लाख रुपये थकले होते, असे सांगितले गेले. सरकारचे उत्तर काय आले? त्याच्या नावावर आमच्याकडे बिलच नाही. तो उपठेकेदार असावा.

या दोन बातम्या शेजारी ठेवून वाचा. मला विचाराल तर आपल्या समाजाचा आणि इतर सगळ्या लहान ठेकेदारांचा खरा प्रश्न दुसऱ्या बातमीत आहे. ठेका कुणाला मिळावा यावर आपण भांडतो. केलेल्या कामाचे पैसे कधी मिळावेत यावर कुणीच भांडत नाही.

कायदा काय सांगतो ते पाहू. सरकारी खरेदीसाठी देशभर लागू होणारा एक कायदा आपल्याकडे नाही. २०१२ मध्ये लोकसभेत विधेयक आले, ते २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच संपले. तमिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकाने १९९९ मध्ये आपापले कायदे केले. महाराष्ट्र शासन निर्णयांवर चालतो. वस्तूंच्या खरेदीसाठी १ डिसेंबर २०१६ ची नियमपुस्तिका आहे. बांधकामांसाठी सार्वजनिक बांधकाम खात्याची नियमावली आणि बी-१, बी-२ हे निविदा नमुने आहेत.

या सगळ्यांचे लक्ष निविदा उघडण्याच्या क्षणावर असते. जाहिरात दिली का, मुदत पाळली का, बयाणा रक्कम भरली का, सर्वांत कमी दर कुणाचा. हे आवश्यकच आहे. सरकारला स्वतःच घातलेल्या अटी वाऱ्यावर सोडता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेवरून सांगून ठेवले आहे. पण दार उघडून माणूस आत गेला, काम करून बसला, की नियम अचानक मुके होतात. ठेकेदाराने उशीर केला तर दंड ठरलेला आहे. सरकारने उशीर केला तर ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ हे दोन शब्द पुरतात. असा करार एकतर्फीच म्हणायचा.

याचे मूळ निधी नसताना निविदा काढण्यात आहे. आपल्या दोन जिल्ह्यांना हे नवे नाही. १९९६ मध्ये कृष्णा खोरे महामंडळ झाले, कामांचे नारळ फुटले. कराडजवळच्या टेंभूतून आटपाडीला पाणी चढवायचे होते. एकाच वेळी इतकी कामे काढली की पैसा कुठेच पुरेना. आटपाडीकरांची एक पिढी पाण्याची वाट पाहण्यात गेली. जलजीवनमध्ये तेच झाले. निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. आणि चर खणून पाइप टाकणाऱ्याने विचारायचे कुणाला? २०२५ मध्ये ठेकेदार संघटना राज्यातल्या थकबाकीचा आकडा ८९ हजार कोटी सांगत होत्या. दावा निम्मा खरा धरला तरी झोप उडावी असाच आहे.

कुणी म्हणेल, ठेकेदारांचा एवढा कळवळा कशाला? निकृष्ट रस्ते करणारे, टक्केवारी वाटणारे हेच ना? असतील. पण टक्केवारी कुठे जन्मते ते बघा. बिल निघण्याची तारीख साहेबाच्या मर्जीवर असेल, तर मर्जीला भाव येणारच. मोठा ठेकेदार दोन वर्षे थांबतो, बँक त्याच्या दारात येते. लहान ठेकेदार घरचे दागिने ठेवतो, मग खाजगी सावकार गाठतो.

आणि आपली माणसे या उतरंडीत कुठे आहेत? बहुतेक तळाशी. सेंट्रिंगवाला, वेल्डर, फरशी बसवणारा, पाइप जोडणारा. निविदेवर त्यांचे नाव नसते, मोजमाप पुस्तकात नसते. वरच्याचे बिल अडले की यांची मजुरी अडते. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. त्यात ४५ दिवसांची मुदत आणि बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. पण बांधकामाची कंत्राटे त्यात बसत नाहीत, असे निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत. चार टक्के उद्या मिळाले तरी ते वरच्या दोन-चार नावांना मिळतील. तळातल्याला त्या वाट्यातूनही थकलेले बिलच येईल.

दुसरीकडे काय केले आहे? अमेरिकेत १९३५ पासून केंद्र सरकारच्या मोठ्या बांधकामांत मुख्य ठेकेदाराला उपठेकेदारांच्या पैशांची हमी आधी द्यावी लागते. ब्रिटनने १९९६ मध्ये ‘मला मिळाले की तुला देतो’ ही अट जवळजवळ मोडीत काढली. आपल्या केंद्र सरकारनेही २०२१ मध्ये आपल्या खात्यांना सांगितले, की चालू बिलाची किमान ७५ टक्के रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत द्या. मुंबईतल्या सरकारला हे का जमू नये?

आता थोडे आपल्या घरात. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण आपण जुम्म्याला ऐकतो आणि शनिवारी पगाराला आलेल्या पोराला ‘सोमवारी बघू’ म्हणतो. कुरआनातली सर्वांत लांब आयत कशावर आहे? उधारीचा व्यवहार मुदत ठरवून लिहून ठेवण्यावर. तरी लाखांची कामे आपण जबानीवर घेतो. कागद नाही, म्हणून कोर्टात उभे राहता येत नाही. सरकार ‘तुमचे नावच नाही’ म्हणते, तेव्हा त्या वाक्याला आपणही थोडी जागा करून दिलेली असते.

म्हणून मागणी चार गोष्टींची करा. निधी हातात असल्याशिवाय कार्यारंभ आदेश नको. बिलाला ठरलेली मुदत आणि उशिराला आपोआप व्याज. उपठेकेदाराची कागदावर नोंद आणि त्याच्या पैशांची हमी. प्रत्येक थकीत बिल, तारखेसह, जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर. आणि हे शासन निर्णयाने नको, विधिमंडळाने केलेल्या कायद्याने हवे. शासन निर्णय एका सहीने बदलतो.

ही मागणी करताना कुणी आपल्याला धर्म विचारणार नाही. वाळव्यातला तो तरुण मुसलमान नव्हता. त्याच्या जागी उद्या कोण असेल, ते थकलेल्या बिलावर ठरेल, आडनावावर नाही.